चरबीसोबत घ्यायची गोळी

उलुकमान पिवळा पडला तेव्हा
आधी आम्ही उन्हाला दोष दिला,
मग घोडीच्या दुधाला.
कुमिस त्या आठवड्यात जरा जास्तच आंबलं होतं, खरं आहे.
पण लघवी काळ्या चहासारखी,
अंग खाजवून खाजवून चादरीवर रक्ताच्या रेघा,
आणि रात्री अशी हुडहुडी
की तंबूच्या काठ्या वाजाव्यात.

दोलोनची खिंड उतरताना गाडीत म्हणाला,
"ताई, बरगडीखाली कुणीतरी मूठ आवळतंय."
बावीस वर्षांचा बाप्या,
माझ्या मांडीवर डोकं ठेवून.

बिश्केकला डॉक्टर बुर्माकानने पडद्यावर दाखवलं:
यकृतात एक गोळा, लहान खरबुजाएवढा,
त्याच्या आत त्याची पिल्लं,
पाण्याने टरारलेली.
कुठल्याशा रात्री तो पित्तनळीत फुटला
आणि त्याची सालपटं
चोखून टाकलेल्या द्राक्षांसारखी
वाट अडवून बसली.
"किती वर्षांचा असेल?"
"दहा. पंधरा. त्याला घाई नसते."

पंधरा.
मी बोटं मोजली आणि मूठ मिटली.

आमच्याकडे सोयरीक तेव्हा पक्की
जेव्हा दोन्हीकडची माणसं एका ताटातलं
काळीज आणि शेपटाची चरबी खातात.
माझ्या वेळी वडिलांनी मेंढा कापला,
आणि काळीज निघालं पांढऱ्या फोडांचं.
पाहुणे दारात.
आईने त्यावर फडकं टाकलं, म्हणाली, दुसरा कापा.
आणि ते पहिलं,
ते कुत्र्यापुढे कुणी टाकलं?
मी. नव्या झग्याच्या बाह्या सावरून.
मोयनोकने चार घासांत संपवलं.
सहासात आठवडे लागतात म्हणे, कुत्र्याच्या पोटात.
तोवर मी सासरी गेले होते,
आणि सात वर्षांचा उलुकमान
मोयनोकच्या गळ्यात पडून रडत असे, माझ्यासाठी.
त्याचं तोंड चाटून पुसायचा तो.

डॉक्टरांना हे मी सांगितलं नाही.
त्यांनी विचारलं, घरी कुत्रा आहे?
म्हटलं, कुणाकडे नसतो.

आधी घशातून नळी घातली.
पित्ताच्या दाराची चौकट कापून रुंद केली,
फुगा आत सारला, फुगवला, ओढला,
आणि सालपटं बाहेर पडली, एकामागून एक.
तिसऱ्या दिवशी डोळे निवळू लागले.
मग पोट उघडलं.
भोवती मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी,
एक थेंबही सांडू नये म्हणून.
मीठ! कुरुतात घालतो तेच.
गोळ्याच्या आत मात्र मारक औषध ओतलं नाही:
पित्ताची वाट उघडी होती, जळली असती.
डॉक्टरांनी नुसतं उपसलं, पुसलं,
पित्त पाझरत होतं तिथे टाके घातले.

तरी पाझरलंच.
पिशवी मी रिकामी करायची
आणि मेंढ्या मोजायच्या वहीत लिहायचं:
चारशे. तीनशे दहा.
तीनशे ऐंशी (त्या दिवशी मी जेवले नाही).
दोनशे.
हिरवट सोनं, कडू वासाचं.
एकेचाळिसाव्या दिवशी शून्य.
वहीत पुढच्याच ओळीवर: कोकरं, सव्वीस.

बोओर म्हणजे यकृत.
सख्ख्या भावाला आम्ही म्हणतो बोओरदोश,
एका काळजाचा.
हा शब्द हल्ली माझ्या तोंडून नीट निघत नाही.

गोळ्या अजून दोन महिने आहेत.
उपाशीपोटी लागत नाहीत,
चरबीसोबत घ्यायच्या, डॉक्टर म्हणाल्या.
आई शेपटाची चरबी कापते, पातळ,
सोयरिकीला कापावी तशी.
तो तोंड वाकडं करतो, गिळतो.

मोयनोक केव्हाच मेला. त्याची पणती
तंबूच्या दारात शेपूट हलवते.
तिलाही गोळी, सहा आठवड्यांनी एक.
खराब काळजं आता खोल खड्ड्यात जातात,
वर दगड.
मी तिची गोळी चरबीत गुंडाळते, पुढे धरते.
ती चरबी चाटून खाते,
गोळी थुंकते.
मी हात धुते.
पुन्हा गुंडाळते.